हैबतीचे काजवे

पिंडाला कावळा शिवत नव्हता.

पोलादपूरच्या खालच्या अंगाला, सावित्रीच्या काठावर, दहाव्याला जमलेली माणसं उन्हात ताटकळली होती. समोरच्या उंबरावर कावळे होते, चांगले गलेलठ्ठ होते, आणि पिंडाकडे बघतही होते. पण खाली उतरायला एकही तयार नव्हता. भटजींचा हात दोनदा दर्भाकडे गेला होता. दर्भाचा कावळा करून शिववला की विधी पुरा होतो खरा, पण मग गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकला होता, असं गावात वर्षभर बोललं जातं. हैबतीसारख्या माणसाबद्दल ते ऐकून घ्यायला कोंडाजी तयार नव्हता. कोंडाजी हैबतीचा धाकटा भाऊ. भातकापणी अर्धी टाकून तो सगळं उभ्याने निभावत होता.

"दादा," तो हात जोडून म्हणाला, "सयाजीची काळजी करू नको. पोटच्या पोरागत बगीन त्याला."

हैबतीचा मुलगा सयाजी डोकं भादरून शेजारीच उभा होता. कावळे जागचे हलले नाहीत.

"वैनीला अंतर देणार नाय."

एका कावळ्याने मान वाकडी केली. तेवढंच.

"प्रयागचं लगीन लावून देतो, दादा! येत्या मार्गेसरात!"

मागे बायकांत उभ्या असलेल्या प्रयागने मान खाली घातली. हैबतीची ही थोरली लेक तिशीला आली होती, मुंबईला कर्करोगाच्या इस्पितळात नर्स होती आणि लग्नाचं नाव काढू देत नव्हती.

"आता तर तो मुळीच येयाचा नाय," शेजारची ठकूबाई हळूच म्हणाली. "त्याला ठावं हाय ना, ही कुणाचं ऐकती ते!"

दुःखातही दोघीतिघींना हसू फुटलं. प्रयागलाही आलं, आणि हसता हसताच डोळे भरले, कारण या गोष्टीला सगळ्यात मोठ्याने हसला असता तो माणूस आज नव्हता.

कोंडाजीने घाम पुसला. काय राहिलं, काय राहिलं म्हणून तो इकडेतिकडे बघत होता. मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

"दादा, तुझे काजवे! तुझे काजवे देवात ठेवीन. घराच्या भाईर जाऊ देणार नाय. माझा शबुद हाय!"

फडफड झाली. कावळा उतरला, पिंडाला चोच लावली, आणि त्याच्यामागून बाकीचे उतरले.

सगळ्यांच्या जिवात जीव आला. माणसं पाण्याकडे वळली. प्रयाग तेवढी जागच्या जागी उभी राहिली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते काजवे अजून आहेत, हे तिला माहीत नव्हतं.

*

हैबती पलटणीत होता. बर्माच्या रानात लढून सेहेचाळीस साली घरी आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत तंबाखूचा एक पत्र्याचा डबा होता, आणि डब्यात रुपयाएवढ्या गोल चकत्या. पितळेची कड, वर जाड काच, आत पिवळट रंग. दिवसा बघावं तर कोटाच्या बटणांहून वेगळं काही वाटू नये. अंधारात नेलं की हिरवट उजेड. तेल नाही, वात नाही, वाऱ्याने विझणं नाही. रानातली वाट रात्री आपल्या माणसांना दिसावी आणि शत्रूला दुरून दिसू नये म्हणून पलटणीत त्या झाडांना ठोकत. लढाई संपल्यावर नको झालेलं सामान खड्ड्यात लोटून वर माती ओढायचा हुकूम झाला. त्या ढिगातून हैबतीने मूठभर चकत्या उचलल्या. "असला उजेड कोन मातीत गाडतं काय?" असं तो पुढे प्रत्येक वेळी सांगताना म्हणे.

त्याने तो उजेड कुठे लावला, ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं. वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात. शाळा खाली गावात. मधली वाट कड्याच्या कडेने जाते, एका अंगाला भिंतीसारखा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला सरळ ओढा. थंडीच्या दिवसांत शाळा सुटून वर पोचेपर्यंत काळोख पडे. प्रयाग तेव्हा बारा वर्षांची होती, आणि वाडीतून शाळेत जाणारी ती एकटीच मुलगी. लोक हैबतीला म्हणाले, पोरीचा पाय घसरंल एक दिवस, बंद कर तिची शाळा. हैबतीने छिन्नी-हातोडा घेतला, वाटेच्या कडेच्या दगडांत खोबण्या पाडल्या, आणि एकेका खोबणीत एकेक चकती चुन्यात बसवली.

त्या संध्याकाळी प्रयाग वर चढत आली तेव्हा कड्याची कड जमिनीवर तारे मांडून ठेवावेत तशी दिसत होती. शेवटच्या ताऱ्यापाशी बाप विडी ओढत बसला होता. "काय गो, दिसतंय ना?" एवढंच त्याने विचारलं. वाडीतल्या लोकांनी चकत्यांना काजवे नाव दिलं आणि हैबतीला टोमणेही दिले, की लेकीपायी गड्याने बारमाही दिवाळी मांडली. पण वाट सगळ्यांचीच झाली. त्यानंतर त्या कड्यावरून माणूस काय, शेरडूही पडलं नाही.

प्रयाग सातवी झाली, महाडला मावशीकडे राहून पुढे शिकली, मुंबईला गेली. वर्षं गेली तसे काजवे मंद होत गेले, आणि एक दिवस विझले. हैबतीने ते खोबण्यांतून काढले. टाकून दिले असतील, असं प्रयाग धरून चालली होती. त्याने ते परत त्याच डब्यात भरले होते आणि डबा उशापाशी ठेवला होता.

इस्पितळात प्रयागची नेमणूक रेडियमच्या खोलीत होती. दुखऱ्या गाठीत रेडियमच्या सुया ठेवतात, त्या सुया शिशाच्या कप्प्यात कुलूपबंद असतात, हाताने कोणी शिवत नाही, लांब चिमट्याने उचलायच्या आणि काम झालं की ताबडतोब दूर व्हायचं, हे तिचं रोजचं काम. रेडियमचं मोजमाप बघणारे कामेरकर म्हणून एक साहेब होते. त्यांच्याकडून मागून ती पुस्तकं वाची, आणि वाचलेलं पुन्हा त्यांनाच विचारी. त्यांनी तिला एकदा सांगितलं होतं, की घड्याळाच्या चमकत्या काट्यांत दोन वस्तू असतात. एक रेडियम, आणि एक त्याच्या माऱ्याने चमकणारी पूड. पूड थकते आणि विझते. रेडियम थकत नाही. ते दिसेनासं होतं, इतकंच.

नदीवरून घरी जाताना वाटेच्या दगडांतल्या त्या रिकाम्या खोबण्या प्रयागला एकेक करून लागत होत्या, आणि साहेबांचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

*

माजघरात, हैबती निजायचा त्या जागी, पिठावर ठेवलेली पणती जळत होती. डबा तिथेच होता. जवळच सयाजीची बायको बनू भिंतीला टेकून बसली होती. तिला सातवा सरून आठवा लागला होता.

"तू इथंच निजतेस?" प्रयागने विचारलं.

"व्हय वन्सं. मामंजींची जागा उबदार हाय. आन् दिव्यापाशी कोनतरी पायजेच ना!"

प्रयागने तिला हाताला धरून उठवलं आणि ओटीवर नेऊन बसवलं. मग ती परत आत गेली आणि गुरं बांधायच्या जागेजवळ पडलेल्या बांबूच्या चिमट्याने डब्याचं झाकण उघडलं. काही चकत्यांच्या काचा तडकल्या होत्या. तळाला पिवळट भुकटी साचली होती. तिने झाकण लावलं, सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले, आणि ओटीवर सयाजी, कोंडाजी आणि आई यांच्यासमोर बसून काजव्यांतलं रेडियम विझत नाही, जवळच्याला अपाय करत राहतं, ते सांगितलं. आवाज चढवला नाही. इस्पितळात रोग्याच्या नातेवाइकांना सांगते तसं सांगितलं.

सयाजी बनूकडे बघत राहिला. आई, तुळजाबाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"म्हंजे दादा त्येनंच गेला म्हनतेस?" कोंडाजीने विचारलं.

"तसं मी म्हणत नाही, काका. बाबा छातीच्या दुखण्याने गेले. त्यामागे हे होतं की नव्हतं, ते आता कोणी सांगू शकणार नाही. आणि मी विचारणारही नाही. पण बनूच्या पोटातलं मूल अजून यायचंय."

"मग टाकू नदीत," सयाजी म्हणाला. "आत्ताच्या आत्ता जातो."

"नदी कुठे जाते?"

"महाडला."

"आणि मावशी पाणी कुठलं पिते?"

सयाजी उठता उठता परत बसला.

"शेतात गाडू," कोंडाजी म्हणाला. "खोल गाडू, पुरुषभर."

"काका, तुमच्या वरच्या खाचरात नांगराला पितळेची वाटी लागली होती ना? ती कोणी गाडली होती?"

"कुनाला ठावं. लई जुनी व्हती."

"हे पण असंच कोणाच्या तरी नांगराला लागेल. शिवाय आपल्याकडे पाऊस असा, की कशेडी घाटात अख्खा डोंगर रस्त्यावर येतो. पुरलेलं पुरलेलं राहतं कुठे?"

"जाळू मग. राबात टाकू. जळून खाक."

"खाक होते, पण ती खाकच तशी राहते, आणि वाऱ्यावर उडते. आगीने हे मरत नाही काका, कशानेच मरत नाही. आपण मारायचंच नाही, थांबायचं. अडकवून ठेवायचं आणि थांबायचं."

"किती थांबायचं?"

प्रयागने जरा विचार केला. "पाल्याची लेणी बघितलीत ना, महाडच्या पलीकडची? ती ज्यांनी खोदली त्यांनी हा डबा तिथे ठेवला असता, तर आज त्यातलं निम्मं उरलं असतं."

कोंडाजीने तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सारला. पाल्याची लेणी कोणी खोदली ते त्याला माहीत नव्हतं. पांडवांनी, असं तो ऐकून होता.

"तिथं भिंतीवर अक्षरं हायत," सयाजी म्हणाला. "मी बगितलीत. कुनाला वाचता येत नायत."

"तेच तर," प्रयाग म्हणाली. "आपण आज पाटी लावू, इथे हात लावू नका म्हणून. ती वाचणार कोण?"

मग तिने पुस्तकात वाचलेलं सांगितलं. काही देशांत असल्या वस्तू पिंपांत भरून भर समुद्रात बुडवतात. तिला ते पटत नव्हतं, पिंप गंजणार आणि समुद्र काही कोणा एकाचा नाही. कुठे मिठाच्या जुन्या खाणींत, जिथे पाणी कधी शिरलं नाही अशा खोल जागी ठेवता येईल का, ते बघताहेत. कोणी काच वितळवून तिच्यातच मिसळायच्या खटपटीत आहेत, म्हणजे पाण्यात पडलं तरी विरघळायला नको. शेवटचं उत्तर अजून कोणालाच सापडलेलं नाही. तोवर आपल्याकडे मुंबईत तुर्भ्याच्या बाजूला, जिथे सरकारने अणूचं काम काढलंय तिथे, काँक्रीटच्या हौदांत बंद करून त्यावर नजर ठेवतात. इस्पितळातल्या कामातून गेलेल्या सुया तिकडेच जातात. बाबांचे काजवेही तिकडे जावेत.

"ते काय नाय व्हायाचं," कोंडाजी म्हणाला.

"काका!"

"पोरी, तू शिकलीस, तुझं खरं असंल. पन मी दादाला शबुद दिला. चार मानसांदेखत दिला, आन् कावळा शिवला. माझ्या मनात का आलं ते? त्यानंच घातलं माझ्या मनात. आता मी उठून ते परमुलखात धाडू? तो तिथं अडकंल. मग मी मेल्यावर त्याला तोंड काय दाखवू?"

प्रयागने वाचलेल्या पुस्तकांत मेलेल्या माणसाला दिलेल्या शब्दाचं काय करायचं, ते कुठेच नव्हतं. आणि कोंडाजी हट्टी नव्हता, हे तिला दिसत होतं. तो भावाशी इमान राखत होता.

शेवटी सुतकानेच वाट दाखवली. सुतकात देवाला हात लागत नाही, म्हणजे तेराव्यापर्यंत डबा देवात जाऊ शकत नव्हता. तोवर तो दूरच्या खाचरातल्या खोपीत ठेवावा, असं प्रयाग म्हणाली.

"घराच्या भाईर?" कोंडाजीने डोळे बारीक केले.

"खाचर आपलंच आहे ना, काका?"

"हाय तर आपलंच," तो नाइलाजाने म्हणाला. "पन तेराव्याला मी घेऊन येनार!"

सयाजीने लांब बांबूच्या टोकाला डबा अडकवून खोपीत नेऊन ठेवला आणि आडवी काटी लावली. दुसऱ्या दिवशी प्रयाग एस.टी.ने महाडला गेली, पोस्टातून ट्रंककॉल लावून बराच वेळ थांबली, आणि कामेरकर साहेबांशी बोलली. ते एकदाही हसले नाहीत किंवा 'अरेरे'ही म्हणाले नाहीत. सगळं ऐकून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही अगदी बरोबर केलंत. तेरावा होऊ दे. त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन मी स्वतः येतो." पोस्टाच्या पायरीवर ती जरा वेळ बसून राहिली. वडील गेल्यापासून कोणीतरी आपलं ओझं उचललं, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

*

तेराव्याचं जेवण झालं. पाहुणे पांगले. कोंडाजीने नवं धोतर नेसलं होतं. पागोट्याचा शेव खोचत तो परसात उतरला.

"येतो डबा घेऊन," तो म्हणाला.

प्रयाग वाटेत उभी राहिली. "काका, बनूला घरात कुठे ठेवू मग?"

"देवापास्नं लांब ठेव."

"घरच केवढं आहे आपलं!"

"तू मला पापात घालू नको गो, पोरी," कोंडाजी म्हणाला. "मला काय तिचा घोर नाय? रातभर डोळा नाय लागला माझा. पन मी काय करू? तूच सांग, काय करू?"

तेव्हा तुळजाबाई मागल्या दाराने बाहेर आली. नवरा गेल्यापासून ती मोजकंच बोलत होती. तिच्या हातात केळीचं पान होतं, त्यावर नाचणीची भाकर, कुळथाचं पिठलं आणि गुळाचा खडा. हैबतीला पक्वान्न आवडत नसे. त्याला हे आवडे.

"भावजी," ती म्हणाली, "शबुद तुम्ही कुनाला दिला?"

"दादाला."

"मग सोडवायचा तो कोन?"

"दादाच. पन तो आता..."

"नदीवर तुम्ही बोललात तवा त्यानं ऐकलं म्हनता. मग आज बोलल्यावर नाय ऐकायचा काय? कान काय तीन दिसांत गेले त्याचे?" तिने पान परसाच्या दगडी गडग्यावर ठेवलं आणि लेकीकडे बघितलं. "तूच सांग त्याला. माझं त्यानं जल्मात ऐकलं नाय. तुझं ऐकायचा."

प्रयाग थिजली. हे सगळं ती मानत नव्हती. दहाव्याला ती उभी राहिली ती आईसाठी. पण आता सयाजी तिच्याकडे बघत होता, बनू दारात उभी होती, आणि कोंडाजीने हात जोडले होते. त्याच्या तोंडावर अशी आस होती, की याला मोकळं करणं आपल्याच हाती आहे हे तिला समजलं. ती गडग्यापाशी गेली. ती हळू बोलू लागली, आणि मुंबईत कुठल्या कुठे हरवलेली तिची वाडीची बोली आपोआप तोंडात आली.

"बाबा, तुमचे काजवे इझलेले नाय. तुम्हांला वाटलं इझले, मलाबी तसंच वाटलं. ते अजून जागे हायत, आपल्याला दिसत नाय इतकंच. बनूच्या बाळाला त्येंचा तरास व्हईल. तुम्हांला ठावं असतं तर तुम्ही स्वताच ते उचलून लांब नेले असते. तुम्हांला कोनी सांगितलं नाय. मला जे ठावं झालं ते तुम्ही शाळंत धाडलं म्हनून झालं, आन् त्याच उजेडात मी शाळंतनं घरी आले." ती थांबली. "मी त्येंना ज्या जागी नेते, तिथं त्येंच्यावर पहारा असंल. काकांचा शबुद सोडा. आन् त्या वाटेसाठी... बाबा, त्या वाटेसाठी मी तुम्हांला कवा काय बोलले नाय. तवा वाटलं, बापानं करायचंच असतं. आज सांगते. लई दिसायचं. एकदाबी माझा पाय चुकला नाय."

ती मागे सरली, ती पुरती सरलीही नव्हती तोच फणसावरून कावळा उतरला आणि गुळाचा खडा उचलून गेला. दुसऱ्याने भाकरीला चोच घातली.

तुळजाबाई हसली. तेरा दिवसांत पहिल्यांदा हसली. "बग," ती म्हणाली, "तुझं म्हननं त्यानं कवा मोडलं व्हतं?"

कोंडाजी मटकन जमिनीवर बसला आणि पागोट्याच्या शेवाने डोळे पुसू लागला. "दादा तो दादाच," तो म्हणाला. "माझ्या टायमाला अर्धा दिस उन्हात उबा केला, आन् लेकीनं हाक मारली तर पळत!"

प्रयागला ठाऊक होतं, की तेरा दिवस परसात अन्न पडत होतं आणि कावळ्यांना त्याची सवय झाली होती. तिला हेही ठाऊक होतं, की हे ती कधी कोणाला सांगणार नाही. तिने गडग्याला हात टेकला आणि मनातल्या मनात त्या कावळ्यांचेही उपकार मानले.

संध्याकाळी बनू तिच्याजवळ आली. नऊवारीच्या ओच्यातून तिने फडक्यात बांधलेली एक चकती काढली आणि हात लांब करून धरली.

"वन्सं, ह्यो एक ऱ्हायला. पाळन्याला बांधनार व्हते. मामंजींचा आशीर्वाद म्हनून. तुम्ही सांगितलंत तवाबी दिला नाय. आज मामंजींनीच सोडला, तवा..."

प्रयागने चिमट्याने ती घेतली आणि खोपीतल्या डब्यात नेऊन टाकली. रागावली नाही. रागावण्याजोगं त्यात काही नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळाची गाडी पोलादपूरला लागली आणि कामेरकर साहेब एका मदतनिसाला घेऊन डोंगर चढून वर आले. साहेब बारीक, चष्मेवाले, चढणीने दमलेले. त्यांच्या हातात एक पेटी होती, रेडियम जवळ आलं की टकटक वाजणारी. खोपीपाशी ती तडतडली, तशी ठकूबाई नातवाला उचलून घराकडे पळाली. घरात हैबतीच्या उशाच्या जागीही पेटी वाजली. साहेबांनी तिथली सारवलेली जमीन वीतभर खरवडून पिशवीत भरायला लावली. तुळजाबाई दारातून बघत होती.

"तो तिथंच निजायचा," ती म्हणाली.

"हो आई," साहेब म्हणाले. "ही मातीसुद्धा आम्ही नीट ठेवू."

मग त्यांनी पेटी बनूच्या हातांवरून, लुगड्यावरून, पोटाजवळून फिरवली. पेटी गप्प राहिली, रानात एखादा दगड पडावा तसा मधूनच एखादा टक. "एवढं कुठेही वाजतं," साहेब म्हणाले. "अंगाला काही लागलेलं नाही. आधी किती दिवस जवळ होतं, त्याचं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तुम्ही वेळेवर लांब केलंत. आता स्वस्थ झोपा." सयाजी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

डबा वाळूने भरलेल्या हंड्यात बसवला, हंडा लांब बांबूच्या मधोमध टांगला. खाली गाडीत शिशाचा पेटारा होता. मदतनीस पुढे झाला, तसा कोंडाजीने त्याला बाजूला केलं.

"हे माझं काम. शबुद मी दिला व्हता."

एका टोकाला कोंडाजी, दुसऱ्या टोकाला सयाजी, असे ते कड्याच्या वाटेने उतरू लागले. मागून साहेब आणि प्रयाग.

"सायब," कोंडाजीने वळून न बघता विचारलं, "तिथं पहारा कोन देनार?"

"आता आम्ही. पुढे दुसरे."

"आन् त्येंच्यामागं?"

"त्यांच्यामागे आणखी कोणी. त्यांना सगळं समजावून सांगावं लागेल, आमच्यापेक्षा चांगली जागा शोधावी लागेल. आम्ही शोधतोच आहोत."

"म्हंजे देवळागतच," कोंडाजी म्हणाला. "गुरव बदलत्यात, देव तोच. बरं झालं. आमच्या देव्हाऱ्यात दाटीच झाली असती."

साहेब हसले. प्रयागचं लक्ष वाटेकडे होतं. कड्याकडेच्या प्रत्येक दगडातली खोबणी कोणीतरी चुन्याने भरून काढली होती, आणि दगडाचा माथाही पांढरा केला होता. चुना अजून ओला होता.

"हे कधी केलंस?" तिने सयाजीला विचारलं.

"सकाळी. तू निजली व्हतीस." बांबू खांद्यावर सावरत तो म्हणाला. "बाळ मोठं व्हईल, शाळंत जाईल. काळोखात पांढरं दिसतं जरा. काजव्याएवढं नाय दिसायचं, आक्का."

"दिसेल," प्रयाग म्हणाली.

खाली गाडीत हंडा पेटाऱ्यात गेला, झाकण बसलं, साहेबांनी पुन्हा पेटी फिरवून बघितली आणि मान हलवली. कोंडाजीने पायातल्या वहाणा काढून पेटाऱ्याला नमस्कार केला. प्रयाग पुढच्या बाकावर बसली. गाडी हलली तेव्हा तिने मागे वळून वर बघितलं. ऊन कलतीला आलं होतं, डोंगराची सावली कड्यावर पडली होती, आणि सावलीत ते पांढरे दगड ओळीने दिसत होते, अगदी वरच्या शेवटच्या दगडापर्यंत, जिथे बाप बसलेला असायचा.